घंटा घेऊन आलेली वहिनी

गुनवोर आमच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिच्यामागच्या बर्फावरच्या घसरगाडीवर कपड्यांची एक पेटी, दोन मेंढ्या आणि गोणपाटात गुंडाळलेली एक घंटा होती. माझ्या आईनं मेंढ्यांकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "इंगेर, लोकांच्या सुना निदान पडदे तरी आणतात."

मी तिची नणंद. लग्न न झालेली, घरातच राहिलेली, आणि तोंडाची फटकळ. हे आपणच सांगितलेलं बरं, नाहीतर तळ्याकाठचं कुणीही सांगेल. वहिनी उंच होती, हाडापेरानं मजबूत. दारं आपटायची. उभ्या उभ्या जेवायची. सिवर, म्हणजे माझा भाऊ, तिच्याकडे असा बघत बसायचा जसं काही घरात राणीच आली आहे. मला तिचा राग यायचा. पण तिनं दोर हातात धरून ती घंटा पहिल्यांदा वाजवली, तेव्हा माझी आईसुद्धा हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आली होती. एवढा गोड आवाज आमच्या काठावर कधी कुणी ऐकला नव्हता.

ऐकला नव्हता म्हणजे, लांबून ऐकला होता. तळ्यापलीकडे पूर्वेच्या काठावर ब्योर्के नावाचं घर आहे, ते वहिनीचं माहेर. ही घंटा तिथल्या कोठारावर शंभर वर्षांहून जास्त लटकलेली. हिवाळ्यात तळ्यावर हिमवादळ उतरलं की काठावरचं प्रत्येक घर आपापली घंटा वाजवतं. बर्फावरून चालणाऱ्याला डोळ्यांनी काही दिसत नाही, मग तो कानांनी चालतो. घुमते ती पाद्रीबुवांची, चिरकते ती हेगेनकरांची, आणि बारीक, लांब, चांदीसारखी वाजते ती ब्योर्केची. पाळण्यातली पोरंसुद्धा ओळखतात.

ही घंटा वहिनीनं कशी मिळवली ते सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. तिचा बाप वारला, वाटणीला पंच बसले. जमीन आणि घर थोरल्या मुलाला, हे आमच्याकडे ठरलेलंच. थोरला आइविंड. धाकटा एम्ब्रिक, तो विशीतच अमेरिकेला गेला होता, जंगलं तोडायला. मुलीच्या वाट्याला विणलेली वस्त्रं आणि पोशाखावर लावायची चांदीची पदकं. पंचांनी विचारलं, "गुनवोर, तुला आणखी काही म्हणायचंय?"

"घंटा," ती म्हणाली.

आइविंड हसला. "घंटा काय भांडं आहे, काखोटीला मारून न्यायला?"

"ती ओतताना पणजीनं रसात काय टाकलं होतं?"

सगळ्यांना माहीत होतं. घंटा ओतणारा फिरता कारागीर आला, तेव्हा पणजीनं लग्नातलं चांदीचं पदक त्या रसात टाकलं होतं. त्याशिवाय का असा आवाज लागतो, असं आमच्याकडे म्हणतात.

"पदकं मुलींची. आहे ना रीत? मग त्यातलं माझं पदक काढून द्या मला. नाही जमत? मग घंटाच द्या," वहिनी म्हणाली.

पंच हसायला लागले, आणि एकदा हसल्यावर त्यांना नाही म्हणणं जड गेलं. आइविंडचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यानं स्वतः शिडी लावली, स्वतः घंटा उतरवली, बहिणीच्या गाडीवर ठेवली आणि म्हणाला, "आता या घराला आवाज राहिला नाही." त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. चर्चमध्ये तो तिच्या पुढच्याच बाकावर बसायचा, मान तसूभरसुद्धा मागे वळवायचा नाही. दुसरी घंटा म्हणून घेतली नाही त्यानं. ब्योर्केला आता रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता, आणि वादळ आलं की त्याची बायको मार्गित हातोडीनं तो बडवायची. लोक म्हणायचे, ब्योर्केला लोहारानं दुकान थाटलंय.

एकदा मी वहिनीला विचारलं, "एवढा भाऊ तोडलास, त्या घंटेपायी?"

"लहानपणापासून तिचा दोर माझ्या हातात होता, इंगेर. बाबा, आइविंड, एम्ब्रिक, सगळ्यांना मी आत ओढून आणलंय. आइविंडला फक्त ऐकू यायची. वाजवायचे मी."

मला ते पटलं नाही तेव्हा. हट्टी आहे, एवढंच वाटलं.

आता आमचं घर. घराचं नाव उसेन, म्हणजे तळ्याचं तोंड. इथून नदी निघते. तोंडापाशी पाणी आतून ओढ घेतं, म्हणून ऐन थंडीतही तिथं बर्फ धरत नाही. मध्ये काळं उघडं पाणी आणि त्याच्या कडेला लांबवर पातळ, फसवा पापुद्रा. वर पडलेल्या हिमामुळे तो सगळा भाग शेतासारखा पांढरा सपाट दिसतो. माझ्या वडिलांनी जन्मात कधी घंटा टांगली नाही. ते म्हणायचे, "ज्या पाण्यापासून लोकांनी लांब राहायचं, तिथं उभं राहून लोकांना हाका कशाला मारायच्या?" त्यामुळे वहिनीची घंटा आमच्या कोठारावर चढली, तेव्हा पाद्रीबुवांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना उभं राहून सांगितलं: ब्योर्केचा आवाज आता उसेनला आहे, तिकडे जायचं नाही. आणि खरं सांगते, लोकांना त्याचा उपयोगच झाला. घंटा मोठी ऐकू आली की पाणी जवळ, मागे फिरा. घंटा बारीक झाली की पाणी लांब, चला बिनघोर. पहिल्याच हिवाळ्यात सगळे शिकले. त्या मोसमात आमच्या तोंडाशी एक बकरीसुद्धा बुडाली नाही.

तळ्याकाठी हे सगळ्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या माणसाला कोण सांगणार? आइविंडला वाटलं, सांगेल गुनवोर. गुनवोरला वाटलं, सांगेल आइविंड. आणि दोघं बोलत नव्हते.

ते फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन इतकं स्वच्छ होतं की मी गाद्या बाहेर टाकल्या होत्या. दुपार व्हायच्या आत उत्तरेकडचा डोंगर गेला, मग चर्चचा मनोरा, मग तळ्यातली बेटं एकामागून एक पुसली गेली. गाद्या आत ओढेपर्यंत माझ्या केसांत हिम भरलं. वहिनी तोवर कोठाराखाली उभी राहून दोर ओढायला लागली होती. तिचा एक ठेका होता, संथ, न चुकणारा. कणीक मळताना बाई जशी अंगाचा सगळा भार देते, तसा द्यायची ती.

तेवढ्यात फोन वाजला. नदीतून ओंडके सोडणाऱ्या कंपनीनं ओंडके अडवायच्या बांधाच्या कामासाठी आमच्याकडे फोन बसवला होता, म्हणून होता. नाहीतर तेव्हा फोन कुणाकडे? मी घेतला. स्टेशनाजवळच्या दुकानातली बाई होती, नवी, खालच्या प्रांतातून आलेली.

"उसेन ना? अहो, तुमच्या वहिनींचे भाऊ आलेत म्हणे अमेरिकेहून."

"कोण? एम्ब्रिक?"

"हो, तेच नाव. तंबाखू घेतली, कॉफी प्यायले. म्हणाले, घरी कळवलेलं नाही, गंमत करायचीय. केव्हाच निघाले बर्फावरून. मी म्हटलं, थांबा, आभाळ बघा. तर हसले. म्हणाले, बाई, मला काय भीती? ब्योर्केची घंटा आहे ना. तिच्या आवाजामागं डोळे मिटून जाईन."

मी फोनचा कर्णा तसाच लोंबकळत सोडला.

मी धावत बाहेर गेले. वहिनी दोर ओढत होती. वर घंटा वाजत होती, बारीक, लांब, चांदीसारखी.

"वहिनी, थांबव! थांबव आधी ती!"

"का गं? वेड लागलं का?"

"एम्ब्रिक तळ्यावर आहे. स्टेशनाकडून येतोय. ब्योर्केच्या घंटेमागून चाललाय."

तिनं दोर सोडला नाही. दोन्ही हातांनी गच्च धरून ती लटकली त्याला, की घंटेनं आणखी एक टोलसुद्धा देऊ नये. चेहऱ्यावर हिम वितळत होतं. तिनं तळ्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, सगळा नुसता राखाडी धूर. त्या धुरात कुठंतरी तिचा धाकटा भाऊ आमच्या काळ्या पाण्याकडे चालत होता, आणि त्याला बोलवत होती ती.

सिवर तबेल्यातून आला. मी त्याला दोन शब्दांत सांगितलं.

"मी कडेला जातो," तो म्हणाला. "ओरडतो."

"या वाऱ्यात? तुझं तुला ऐकू येणार नाही," वहिनी म्हणाली.

"मग लोखंड बडवतो. पहार आहे, पत्रा आहे."

"लोखंड वाजवलंस तर लोकांना वाटेल हेच ब्योर्के. सगळं तळं इकडे येईल."

घंटा बंद, आणि घंटा बंद झाल्यावर वारा किती मोठा आहे ते कळलं. मी म्हटलं, "बंदच ठेवू या ना मग."

"त्याला दुसरा आवाज माहीत नाही, इंगेर. तो गेला तेव्हा ब्योर्केला रूळ नव्हता. ही थांबली तर तो त्या बर्फावर फिरत राहील, गोठून पडेपर्यंत. वाजवली तर पाण्यात." मग ती एकदम म्हणाली, "सिवर, शिडी आण."

"कशाला?"

"घंटा उतरव. गवताच्या घसरगाडीवर टांगू. फांद्यांच्या वाटेनं मी मधल्या बर्फावर नेते. तो आवाजामागं येणारच आहे ना? मग आवाज चांगल्या बर्फावर असू दे."

फांद्यांची ही हिवाळी वाट म्हणजे आमच्या घरामागच्या टेकाडाला वळसा घालून, तोंड टाळून, तळ्याच्या मध्यापर्यंत जाणारी. दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या झाडाच्या काटेरी फांद्या बर्फात रोवलेल्या. सिवरनं त्याच नाताळाआधी रोवल्या होत्या. तिथला बर्फ हत्ती पेलेल.

सिवर शिडीवर चढता चढता थांबला. "गुनवोर, आणि बाकीचे? आज तळ्यावर आणखी कुणी असलं तर?"

"बाकीच्यांना ठाऊक आहे पाणी कुठं आहे ते."

"तरी पण..."

"सिवर, माझा भाऊ आहे तो!" ती ओरडली. त्याच्यावर ओरडताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो वर चढला.

सिवरची बोटं वर गोठत होती आणि मी खालून त्याला शिव्या घालत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. घंटा दोरानं खाली सोडली. वहिनीनं आपला लोकरी हातमोजा काढून घंटेच्या आतल्या लोळीभोवती बांधला, म्हणजे वाटेत ती वाजणार नाही. घसरगाडीच्या कठड्यावर आडवा वासा टाकून तिला टांगलं. आमची काळी घोडी स्वार्ता जुंपली. सिवर कमरेला दोर बांधून, लांब काठी घेऊन पाण्याच्या कडेकडे गेला, ओरडत. त्याचा आवाज दहा पावलांत विरला.

पुढचं मला आजही स्वप्नात दिसतं. एका फांदीपासून दुसरी फांदी दिसत नव्हती. वहिनी घोडीचा लगाम धरून एका फांदीपाशी उभी राहायची, आणि मी गाडीला बांधलेला दोर धरून पुढची शोधायला जायचे. सापडली की दोर हिसकायचा, मग ती यायची.

"पुढची हाताला लागल्याशिवाय मी मागची सोडणार नाही," ती म्हणाली होती. "तूही दोर सोडू नकोस."

एकदा फांदी सापडेचना. मी डावीकडे गेले, उजवीकडे गेले, गुडघ्यांवर रांगले. पडली असेल, उडाली असेल. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. पायाखाली बर्फ कुरकुरला, आणि तोंडाकडचा तो पापुद्रा हाच, असं वाटून मी जागच्या जागी बसले. पुढं सरकायची हिंमत होईना, मागं वळायची लाज वाटत होती. मग हातमोज्याला काटे टोचले. स्प्रूस. मी त्या फांदीचा मुका घेतला.

वहिनी आली. मी विचारलं, "इतका वेळ घंटा बंद आहे. तो काय करत असेल?"

"उभा असेल. आमच्या बाबांनी शिकवलंय. घंटा थांबली की पाऊल उचलायचं नाही."

"आणि विसरला असेल तर? अमेरिकेत कुठली घंटा?"

"गप्प बस नि फांदी शोध."

शेवटच्या फांद्यांपाशी आम्ही पोचलो. वहिनीनं हातमोजा सोडला आणि लोळी हातानंच घंटेवर मारली. टण्ण! इतक्या जवळून तो आवाज दातांत भरायचा. स्वार्ता दचकून मागे सरली. वहिनी वाजवत राहिली, तोच संथ ठेका. मध्ये थांबायची, आम्ही दोघी कान द्यायचो, मग पुन्हा. तिचा उघडा हात धातूला चिकटायचा, ती ओढून काढायची. मी म्हटलं, मी वाजवते. नाही म्हणाली.

किती वेळ गेला देव जाणे. मी मनात म्हणत होते, गेला. पाण्यात गेला, आणि आम्ही इथं हिमाला घंटा वाजवून दाखवतोय.

मग स्वार्तानं कान टवकारले. हिमातून आधी एक टोपी आली, शहरी, गोल, काठोकाठ हिमानं भरलेली. तिच्याखाली एक माणूस. पायात बूट असले की एखाद्या पोरीनं बाहुलीला घालावेत. तो गाडीपर्यंत आला, कठडा धरला, घंटेकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं.

"ब्योर्के कधीपासून तरंगायला लागलं?" तो म्हणाला.

वहिनीनं त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याला मिठी मारून इतकी रडली की मला तोंड फिरवावं लागलं. खोटं कशाला बोलू, मीही रडत होते. पहिल्यांदाच मला ती माझी वाटली. एवढी मोठी बाई, आणि लहान पोरीसारखी त्याच्या कोटाला नाक पुसत होती.

"मी चालत होतो आवाजाकडे," एम्ब्रिक सांगायला लागला. ओठ धड हलत नव्हते. "पुढं पाणी वाहिल्यासारखं वाजायला लागलं. म्हटलं, ब्योर्केला कुठली नदी? तेवढ्यात घंटा थांबली. मग मी थांबलो. बाबांची शिकवण. नाहीतर अजून पाचसहा पावलं..." त्यानं हात हवेत उडवला. "मग पुन्हा सुरू झाली ती भलतीकडूनच. म्हटलं, मीच उलटा फिरलोय."

"बस गाडीत. पाय घाल गवतात," वहिनी म्हणाली. ती हसत होती. घंटेला पुन्हा मोजा बांधताना ती हसत होती, हे मला स्पष्ट आठवतंय.

परत फिरलो. आता फांद्या सापडत होत्या, वारा पाठीशी होता. एम्ब्रिक गवतात गुरफटून बसला होता. मध्येच म्हणाला, "तो दुसरा कोण होता?"

"कोण दुसरा?"

"मघाशी. घंटा दुसऱ्यांदा वाजायला लागली, त्यानंतर. पाण्याच्या बाजूनं कुणीतरी घोड्याला हाकारत गेलं. गाणं म्हणत होता की काय कोण जाणे. अगदी निवांत."

वहिनीचं हसू गेलं. तिनं स्वार्ताच्या पाठीवर दोराचं टोक मारलं. त्या घोडीला तिनं कधी मारलं नव्हतं.

आइविंडचं एक गवताचं कोठार आमच्याच काठावर होतं, दक्षिणेला, नदीपलीकडे. हे आम्हाला ठाऊक होतं. हिवाळ्यात तो बर्फावरून येऊन गवत भरून न्यायचा, हेही. पण तो आमच्या अंगणात कधी यायचा नाही, आमच्याकडे बघायचा नाही, म्हणून तो कधी येतो नि कधी जातो हे बघायचं आम्हीही सोडून दिलं होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत हिम येत होतं आणि कुणी लावलं नव्हतं. सिवर भिजलेल्या कपड्यांनी चुलीपाशी गुडघ्यांवर बसला होता, आणि जमिनीवर आमच्या सगळ्या मेंढीच्या कातड्यांखाली आइविंड.

"घोडा गेला," सिवर म्हणाला. "गाडी गेली. मला घोड्याची किंकाळी ऐकू आली म्हणून... काठी धरली त्यानं. पण फार वेळ होता गं तो पाण्यात. मी ओढत होतो आणि बर्फ मोडत होता. मी ओढत होतो आणि..."

"बस, दादा," मी म्हटलं.

आम्ही त्याला वहिनीच्या पलंगावर ठेवलं. तापवलेले दगड लावले, ब्रँडी पाजली, चोळलं. डॉक्टर त्या वादळात येणार कुठून? आइविंड पहिल्यांदाच आमच्या घरात आला होता, आणि असा. काही वेळानं त्यानं डोळे उघडले. आधी एम्ब्रिक दिसला.

"टोपी बघ याची," तो म्हणाला. एम्ब्रिकनं त्याचा हात धरला.

मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. वाटणीच्या दिवसापासून पहिल्यांदा.

"लांब वाजत होती," तो म्हणाला. "गुनवोर. लांब वाजत होती ना? मी ऐकली की."

"हो."

"लांब, म्हणजे पाणी लांब. म्हणून मी..."

"मी हलवली होती," वहिनी म्हणाली. "एम्ब्रिकसाठी. बर्फावर नेली होती."

त्याला ते समजायला वेळ लागला. राग आला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, थुंकला असता. पण तो तोंड उघडं ठेवून नुसता बघत राहिला, लहान पोराला खुर्चीवर बसवावं आणि खालून खुर्ची काढून घ्यावी, तसा.

"मला वाटलं, तू आहेस तिथं," तो म्हणाला.

एवढंच. इतकी वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता, आणि तेवढी वर्षं प्रत्येक वादळात तिच्या हातावर विसंबून तळं ओलांडत होता. संध्याकाळपासून त्याची छाती घरघरायला लागली. वादळ ओसरलं आणि डॉक्टर आला, तोवर तो गेला होता.

मार्गित नवऱ्याला न्यायला आली. तिनं त्याला स्वतःच्या हातानं स्वच्छ शर्ट घातला, केस विंचरले. आम्ही कॉफी पुढं केली ती तिनं घेतली नाही. एम्ब्रिक तिला काही सांगायला गेला, तर म्हणाली, "सिवरनं सांगितलंय सगळं." मग ती निघाली, आणि दारात वहिनीसमोर थांबली. घरचा धनी शेवटचा निघतो, तेव्हा घरची घंटा वाजवायची आमची रीत आहे. ब्योर्केला आता नुसता रूळ होता.

वहिनी म्हणाली, "मार्गित, घंटा घेऊन जा. परत लाव तुमच्या कोठारावर. मी हात जोडते."

"नको."

"निदान त्याच्या दिवशी तरी..."

"वाजव," मार्गित म्हणाली. "पण तिथूनच वाजव. हलवू नकोस ती आता."

अंत्ययात्रेच्या दिवशी आभाळ निळंशार होतं. ब्योर्केपासून चर्चपर्यंतची सगळी वाट, सगळं तळं, आमच्या कोठाराखालून दिसत होतं. पहिल्या गाडीवर पेटी, तिच्यावर हिरव्या फांद्या, मागे मार्गित आणि एम्ब्रिक, आणि मागे सगळा गाव, काळ्या मुंग्यांची रांग. आंधळ्यालाही रस्ता चुकला नसता असा उजेड. घंटेची गरज कुणालाच नव्हती. भावाच्या मातीला बहीण गेली नाही. ती दोर धरून उभी होती. सिवरनं आणि मी आळीपाळीनं म्हटलं, आम्ही वाजवतो, तू जा, अजून गाठशील. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पेटी चर्चच्या काठाला लागली. माणसं वर चढली. मग बर्फावर कुणीच राहिलं नाही, आणि ती वाजवतच होती. सोललेल्या तळहाताच्या पट्ट्यांतून रक्त आलं होतं.

मी जवळ गेले. "वहिनी, पुरे आता. पोचले सगळे."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"सगळे?"

"सगळे, वहिनी. तळं रिकामं आहे."

"पुन्हा एकदा बघ," ती म्हणाली, आणि दोर ओढला.